हिल्डेगार्ड, एक थडगं आणि बंद पडलेलं गाणं

या वीकेंडला जरा लांबची गोष्ट. साडेआठशे वर्षांपूर्वीची, जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या काठची. लेख नेहमीपेक्षा मोठा झालाय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

डिस्क्लेमर आधीच देऊन टाकतो. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही, इतिहासाची पदवी नाही. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि शनिवार-रविवार जे सापडेल ते वाचतो. मध्ययुगीन युरोपातल्या संत स्त्रियांबद्दल वाचायला लागलो ते गाण्यामुळे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'गॉथिक व्हॉइसेस' नावाच्या इंग्लिश गायकवृंदाने बाराव्या शतकातली काही लॅटिन भजनं रेकॉर्ड केली आणि ती रेकॉर्ड बघताबघता जगभर गाजली. ती भजनं रचणारी बाई म्हणजे बिंगेनची हिल्डेगार्ड. जन्म १०९८, मृत्यू १७ सप्टेंबर ११७९. म्हणजे ८१ वर्षांचं आयुष्य! त्या काळात एवढं जगणं हीच मोठी गोष्ट. त्यातून ही बाई लहानपणापासून सतत आजारी.

गाणी ऐकून मग तिच्याविषयी वाचलं आणि एका प्रश्नाने डोक्यात घर केलं. प्रश्न असा: "हे मी नाही म्हणत, देव म्हणतोय" असं सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं? विश्वास ठेवायचा? वेड्यात काढायचं? की तो खोटं बोलतोय असं धरून चालायचं? आपल्याकडे रोज कुणी ना कुणी देवाच्या नावाने काहीतरी सांगत असतं, त्यामुळे प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. हिल्डेगार्डने हे वाक्य जवळजवळ चाळीस वर्षं वापरलं. मठाधिपतीला, बिशपांना, पोपला, सम्राटाला, सगळ्यांना. आणि त्याचा हिशोब शेवटी एका थडग्यापाशी झाला. पण ते नंतर. आधी सुरुवातीपासून.

हिल्डेगार्ड सरदार घराण्यातली. परंपरा सांगते की ती आईबापांचं दहावं अपत्य. आठव्या वर्षी तिला देवाला वाहिलं. 'वाहिलं' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण प्रकार तोच होता. मूल विचारून दिलं जात नसे. १ नोव्हेंबर १११२ या दिवशी, वयाच्या चौदाव्या वर्षी, डिझिबोडेनबर्गच्या मठात तिला युट्टा नावाच्या तरुण सरदारकन्येबरोबर बंदिस्त केलं गेलं. बंदिस्त म्हणजे अक्षरशः. मठ पुरुष संन्याशांचा, आणि त्याला लागून असलेल्या जागेत या मुली. जगाला मेल्याचं समजून उरलेलं आयुष्य प्रार्थनेत घालवायचं. युट्टा तेव्हा वीस वर्षांची होती.

ही युट्टा जबरदस्त कडक. उपास, जागरणं, देहदंड. ११३६ मध्ये ती वारली तेव्हा शेवटची आंघोळ घालताना शिष्यांना दिसलं की तिने अंगाला साखळी बांधून घेतलेली होती आणि त्या साखळीने मांसात खोल चर पडले होते. हिल्डेगार्डने चोवीस वर्षं या बाईच्या सोबतीत काढली होती. युट्टानंतर नन्सनी तिलाच प्रमुख म्हणून निवडलं. आणि गंमत बघा, पुढे तिने साखळीचा रस्ता धरला नाही. शोनाऊची एलिझाबेथ म्हणून तिची एक समकालीन होती, तिलाही साक्षात्कार होत. तिला लिहिलेल्या पत्रात हिल्डेगार्ड शरीराचे अति हाल करू नकोस असं समजावते. तपश्चर्येतही प्रमाण हवं हे तिचं आयुष्यभराचं मत. ते तिला पुस्तकातून मिळालं असेल, पण युट्टाच्या अंगावरचे ते चर माहीत असताना पुस्तकाची फारशी गरज पडली नसणार असं मला आपलं वाटतं.

आता दृष्टान्तांकडे येतो. तिच्या सांगण्यानुसार अगदी लहान असल्यापासून तिला एक प्रकाश दिसायचा. ११७५ च्या सुमारास गिबेर नावाच्या एका फ्लेमिश संन्याशाने तिला पत्रातून खोदून खोदून विचारलं की हे नक्की होतं तरी कसं? तिने दिलेलं उत्तर मला विलक्षण वाटतं, कारण ते एखाद्या चांगल्या निरीक्षकाने लिहावं तसं आहे. हे स्वप्नात होत नाही, असं ती सांगते. समाधी लागत नाही, शुद्ध हरपत नाही. डोळे उघडे असतात, जागी असते, बाहेरच्या डोळ्याकानांनी मात्र हे दिसत-ऐकू येत नाही. प्रकाशाला जागा नाही, लांबीरुंदी नाही. पाण्यात सूर्य-चंद्राचं प्रतिबिंब पडावं तसे त्यात शब्द आणि आकृत्या दिसतात. आणि त्या प्रकाशाच्या आत कधीकधी, फार क्वचित, दुसराच एक प्रकाश दिसतो. तो दिसत असेपर्यंत सगळं दुःख जातं आणि आपण म्हातारी नसून लहान मुलगी आहोत असं तिला वाटतं.

विज्ञानवाल्यांनी याचं उत्तर शोधलंय. १९१७ मध्ये चार्ल्स सिंगर या वैद्यक-इतिहासकाराने म्हटलं की ही मायग्रेनची लक्षणं आहेत. पुढे ऑलिव्हर सॅक्सने १९७० च्या आपल्या मायग्रेनवरच्या पुस्तकातही तिची केस घेतली. तिच्या पोथीतल्या चित्रांत पडणारे तेजस्वी तारे आहेत, चकाकणारी वर्तुळं आहेत, किल्ल्याच्या तटासारख्या नागमोडी रेषा आहेत. मायग्रेनच्या रुग्णांना डोकेदुखीच्या आधी असंच काहीसं दिसतं म्हणे.

इंजिनिअर म्हणून मला हे स्पष्टीकरण पटकन आवडलं, पण एक अडचण आहे. मायग्रेन लाखो लोकांना होतो. त्यातल्या किती जणांनी त्यातून विश्वाची रचना, सत्तरहून जास्त गाणी आणि वनस्पतींचा कोश उभा केला? सॅक्सही हेच म्हणतो, की इतरांसाठी जी किरकोळ किंवा त्रासदायक शारीरिक घटना असते तीच एखाद्या असामान्य मनात प्रेरणेचा पाया होऊ शकते. सिग्नल कुठून आला हे कळलं म्हणजे मेसेज कळला असं होत नाही. असो.

ही दृश्यं ती बराच काळ जवळजवळ कुणालाच सांगत नव्हती. ११४१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, 'जे दिसतं आणि ऐकू येतं ते लिही' असा आदेश झाला. भीतीपोटी तिने टाळलं आणि आजारी पडून अंथरूण धरलं. लिहायला सुरुवात केली तेव्हा बरी झाली. हा पॅटर्न तिच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो. मठातला फोल्मार नावाचा संन्यासी तिचा लेखनिक झाला. हिल्डेगार्डचं लॅटिन रीतसर शिकलेलं नव्हतं, त्यामुळे व्याकरण तो तपासायचा. पण अट एकच: विभक्ती-प्रत्यय सुधार, आशयाला हात लावायचा नाही. फोल्मार ११७३ मध्ये वारला, म्हणजे तीसेक वर्षं त्याने ही अट पाळली. असा रिव्ह्यूअर मला एक महिना जरी मिळाला तरी मी पेढे वाटीन.

या लेखनातून दहा वर्षांनी 'स्कीवियास' हा ग्रंथ तयार झाला. सव्वीस दृष्टान्त, प्रत्येकाचं वर्णन आणि मग अर्थ. पण अडचण अशी की बायकांनी चर्चमध्ये शिकवू नये हा संत पॉलच्या पत्रांच्या आधारावरचा नियम तेव्हा पक्का होता. पाखंडाचा शिक्का बसायला वेळ लागत नसे. म्हणून ११४६-४७ च्या सुमारास तिने क्लेअरव्होच्या बर्नार्डला पत्र लिहिलं. बर्नार्ड म्हणजे त्या काळचा युरोपातला सगळ्यात वजनदार संन्यासी, आणि पोप तिसरा युजीनियस हा त्याचाच शिष्य. ११४७-४८ च्या हिवाळ्यात ट्रिअर शहरात धर्मसभा भरली. तिच्या चरित्रात असं लिहिलंय की पोपने तिच्या अपुऱ्या ग्रंथातला भाग सभेत स्वतः वाचून दाखवला आणि तिला लिहीत राहायची परवानगी दिली.

म्हणजे बघा, हातात काहीही अधिकार नसलेल्या बाईने अधिकार कसा मिळवला? "मी कुणी नाही, अडाणी आणि दुबळी बाई आहे, बोलणारा वेगळाच आहे" असं म्हणून. स्वतःला शून्य करून टाकलं की आक्षेप घ्यायचा तरी कुणावर? ही युक्ती होती का? मला तसं वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो ती नुसती युक्ती नसते. पण युक्तीसारखी ती चालली मात्र खरी.

लगेच पुढचा अंक. मठाचं नाव झालं, मुली यायला लागल्या, जागा पुरेना. हिल्डेगार्डने जाहीर केलं की देवाने आपल्याला बिंगेनजवळच्या रुपर्ट्सबर्ग टेकडीवर स्वतंत्र मठ बांधायला सांगितलंय. मठाधिपती कूनो नाही म्हणाला. साहजिक आहे. प्रसिद्ध साध्वी गेली की भाविक जाणार, आणि नन्सनी येताना आणलेल्या जमिनींचाही प्रश्न येणार. नकार आल्यावर हिल्डेगार्ड पडली ती दगडासारखी. कूनो स्वतः बघायला आला. चरित्र सांगतं की त्याने तिचं डोकं उचलायचा प्रयत्न केला आणि त्याला ते हलवता येईना. शेवटी त्याने होकार दिला. अर्थात नुसत्या पक्षाघातावर काम झालं नाही. ओळखीची एक मोठ्या घराण्यातली बाई माइन्झच्या आर्चबिशपकडे आधीच शब्द टाकून आली होती. मॅनेजर ऐकत नसेल तर त्याच्या मॅनेजरकडे जायचं, हे बाराव्या शतकातही होतं तर!

११५० च्या सुमारास वीसेक नन्स घेऊन ती रुपर्ट्सबर्गला गेली. पहिली वर्षं हालाची होती, काही जणी कंटाळून सोडूनही गेल्या. जमिनींवरून जुन्या मठाशी वाद चालला, तो आर्चबिशपच्या लेखी कराराने मिटायला ११५८ साल उजाडलं. पण पंचवीस वर्षांनी गिबेर तिथे राहायला आला तेव्हा त्याने पत्रात मठाचं वर्णन केलंय. पन्नासेक नन्स, प्रशस्त इमारती, आणि कामाच्या खोल्यांमधून नळाने पाणी खेळवलेलं. ११६५ मध्ये तिने नदीपलीकडे आयबिंगेनला दुसरा मठ काढला. सत्तरीच्या उंबरठ्यावरची ही बाई आठवड्यातून दोनदा होडीने ऱ्हाईन ओलांडून तिकडे जायची.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वा, काय बाई होती. मीही तसंच म्हणत होतो. मग रिखार्डिसचं प्रकरण वाचलं.

रिखार्डिस फॉन श्टाडे ही मठातली तरुण नन. 'स्कीवियास'च्या कामात हिल्डेगार्डचा उजवा हात. वर जिने शब्द टाकला म्हटलं, ती या रिखार्डिसची आई. ११५१ मध्ये रिखार्डिसला उत्तरेकडच्या बासुम मठाचं प्रमुखपद मिळालं. तिचा भाऊ हार्टविग ब्रेमेनचा आर्चबिशप होता, त्यानेच खटपट केली असावी. हिल्डेगार्डने विरोध केला. कारण काय दिलं? देवाची इच्छा नाही. तिने माइन्झच्या आर्चबिशपला लिहिलं, हार्टविगला लिहिलं, थेट पोपपर्यंत गेली. कुणी दाद दिली नाही. रिखार्डिस गेली आणि वर्षभरातच, २९ ऑक्टोबर ११५२ रोजी, वारली. हार्टविगने कळवलं की परत तुमच्याकडे यायची तिची फार इच्छा होती. रिखार्डिसला हिल्डेगार्डने आधी लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात देव वगैरे बोलत नाही, एक बाई रडते. मला टाकून का गेलीस असं विचारते.

इथे माझा पहिला प्रश्न परत उभा राहतो. देवाची इच्छा कुठे संपली आणि हिल्डेगार्डची कुठे सुरू झाली? मला तर त्यात आतड्याचं माणूस दूर चाललंय याचाच आक्रोश जास्त ऐकू येतो. आणि तिच्या 'आवाजा'चे इतर काही कोपरेही आज टोचतात. तिच्या मठात फक्त उच्चकुलीन मुलींना प्रवेश होता. सणाच्या दिवशी तिच्या नन्स केस मोकळे सोडून, पांढरे रेशमी पदर आणि सोनेरी मुकुट घालून गायला उभ्या राहत. आंडरनाखच्या टेन्क्सविंड नावाच्या मठप्रमुखीने पत्रातून सरळ विचारलं, की येशूने गरीब कोळी निवडले आणि तुम्ही फक्त सरदारांच्या लेकी कशा निवडता? हिल्डेगार्डने उत्तर दिलं की वेगवेगळी जनावरं कुणी एका गोठ्यात बांधत नाही. जातीची उतरंड समर्थन शोधते तेव्हा कुठल्याही देशात असंच बोलते. कॅथार नावाच्या पंथाविरुद्ध कोलोन शहरात तिने केलेला उपदेशही मवाळ म्हणता येणार नाही. संत झाली म्हणून हे झाकायचं कारण नाही.

पण दुसऱ्या बाजूला तिचा आवाका बघितला की थक्क व्हायला होतं. तिची जवळपास चारशे पत्रं उपलब्ध आहेत. दृष्टान्तांचे एकूण तीन मोठे ग्रंथ. 'फिजिका' या नऊ भागांच्या ग्रंथात वनस्पती, झाडं, दगड, मासे, पक्षी, प्राणी, धातू यांचे गुणधर्म. बीअरमध्ये टाकतात त्या हॉप्समुळे पेय टिकतं, याची अगदी सुरुवातीची लेखी नोंद याच ग्रंथात सापडते. त्याच ग्रंथात युनिकॉर्नही आहे, तेव्हा आज बाजारात 'हिल्डेगार्ड औषधोपचार' म्हणून जे खपतं ते डोळे मिटून घेऊ नका. याशिवाय तिने एक स्वतःची भाषा बनवली. सुमारे हजार शब्द, जवळजवळ सगळी नामं, आणि वेगळी तेवीस अक्षरांची लिपी. यादी देवापासून सुरू होते, मग देवदूत, माणसं, नातीगोती, अवयव, रोग, अवजारं, झाडं, पक्षी असं करत करत किड्यांपर्यंत येते. वर्गीकरणाची खाज असलेल्या कुणालाही ही यादी बघून आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

आणि या सगळ्यातून धावणारा तिचा लाडका शब्द म्हणजे 'विरिदितास'. शब्दशः हिरवेपणा. झाडाला पालवी फुटते ती ज्या जोरावर, तोच जोर माणसाच्या शरीरात, आत्म्यात आणि देवाच्या निर्मितीत आहे असं ती मानते. पाप म्हणजे काय? सुकणं. ज्याच्यातला ओलावा गेला तो मेला. युट्टाच्या साखळीपासून ही कल्पना किती लांब आहे बघा. हिल्डेगार्डच्या अध्यात्मात शरीर शत्रू नाही. गाताना तर शरीर आणि आत्मा एकत्र काम करतात, म्हणून गाणं तिच्या लेखी प्रार्थनेचं सर्वोच्च रूप.

तिची गाणीही तशीच. त्या काळचं चर्चमधलं गायन साधारण एका सप्तकात फिरतं. हिच्या चाली दीड-दोन सप्तकांत झेपावतात. 'ऑर्दो विर्तुतुम' नावाचं तिचं एक संगीत नाटक आहे. एक आत्मा, त्याला वाचवणारे सद्गुण आणि सैतान. सगळे गातात, सैतान सोडून. तो फक्त ओरडून बोलतो. कारण सैतानाला संगीत येत नाही. हे लक्षात ठेवा, आता लागणार आहे.

११७८. हिल्डेगार्ड ऐंशी वर्षांची. रुपर्ट्सबर्गच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरलं गेलं. या माणसाला कधीकाळी चर्चने वाळीत टाकलं होतं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा निरोप आला: वाळीत टाकलेल्याला पवित्र भूमीत जागा नाही, उकरून बाहेर काढा. नाहीतर मठावर बंदी. हिल्डेगार्डचं म्हणणं, तो मरण्याआधी चर्चशी समेट करून गेलाय. त्याने पापनिवेदन केलं, त्याला अंत्यविधी मिळाले, बिंगेनच्या धर्मगुरूच्या उपस्थितीत उघडपणे दफन झालं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. आणि तिने त्या प्रकाशातही पाहिलं होतं की हे प्रेत उकरलं तर मोठं अरिष्ट येईल. तिने नकार दिला. इतकंच नाही, पुढे तिला संत ठरवण्यासाठी ज्या साक्षी झाल्या त्यांत सांगितलंय की ती काठी घेऊन थडग्यापाशी गेली आणि कुणाला ते ओळखू येऊ नये अशी व्यवस्था केली.

बंदी लागली. बंदी म्हणजे काय? मठात मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, आणि गाणं नाही. दिवसातून सात-आठ वेळा जी स्तोत्रं गायची ती दारं लावून, दबक्या आवाजात नुसती वाचायची. जिच्या नाटकात न गाणारं पात्र फक्त सैतान, तिच्या मठाला कुजबुजायची शिक्षा!

आता तिने काय केलं ते नीट बघा, कारण सगळा लेख मी यासाठी लिहितोय. तिने बंदी पाळली. गाणं थांबवलं, ख्रिस्तप्रसाद थांबवला. तुमचा हुकूम चुकीचा आहे, पण शिक्षा द्यायचा अधिकार तुमचा आहे, तो मी मोडत नाही. प्रेताला मात्र हात लावणार नाही. हुकूम नाकारला आणि शिक्षा स्वीकारली. विसाव्या शतकात ज्याला आपण सविनय कायदेभंग म्हणायला शिकलो त्याच्या फार जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

मग पत्र लिहिलं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना लिहिलेलं हे पत्र म्हणजे संगीतावरचा निबंधच आहे. त्यात ती मांडते की पापात पडण्यापूर्वी आदमचा आवाज देवदूतांच्या आवाजात मिसळत होता. तो आवाज माणसाने गमावला. पुढे संदेष्ट्यांनी स्तोत्रं रचली, वाद्यं बनवली, ती त्या हरवलेल्या आवाजाची आठवण यावी म्हणून. माणूस गायला लागला की त्याला आपलं मूळ घर आठवतं, आणि हेच सैतानाला सहन होत नाही, म्हणून तो गाणं बंद पाडायला बघतो. तेव्हा पुरेसं कारण नसताना जे देवाच्या घरातलं गाणं बंद करतात त्यांना स्वर्गात देवदूतांच्या गायनात जागा मिळणार नाही. सभ्य भाषेत सांगायचं तर, तुम्ही कुणाच्या बाजूने काम करताय ते एकदा तपासून घ्या.

पत्राने ते हलले नाहीत. ती स्वतः माइन्झला जाऊन आली, तरीही नाही. तेव्हा कोलोनचा आर्चबिशप फिलिप मदतीला आला. त्याने एक सरदार साक्षीला आणला, ज्याला मेलेल्या माणसाबरोबरच, त्याच धर्मगुरूने, त्याच वेळी दोषमुक्त केलं होतं. बंदी उठली. पण माइन्झचा आर्चबिशप ख्रिस्तियान इटलीत होता. त्याच्या कानावर दुसरीच बाजू गेली आणि बंदी पुन्हा लागली. हिल्डेगार्डने परत पत्र लिहिलं. शेवटी मार्च ११७९ मध्ये ख्रिस्तियानने हुकूम मागे घेतला आणि नन्स पुन्हा गायला लागल्या. सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हिल्डेगार्ड गेली.

रिखार्डिसच्या वेळीही तिने "देव म्हणतोय" असंच म्हटलं होतं आणि या वेळीही. मग मला ही दुसरी गोष्ट का पटते आणि पहिली का नाही? बरेच दिवस विचार करून मी इथवर पोचलोय. पहिल्या वेळी किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजायची होती. रिखार्डिसने आपलं पद सोडायचं, कारण हिल्डेगार्डला ती जवळ हवी होती. या वेळी जो वाचणार होता तो एक मेलेला माणूस, ज्याच्याकडून कुणाला काही मिळणार नव्हतं, आणि गमवायचं होतं ते हिल्डेगार्डचं सगळ्यात प्रिय असलेलं गाणं. शिवाय या वेळी ती नुसत्या दृष्टान्तावर बसून राहिली नाही. दफन उघडपणे झाल्याचं सांगितलं, तर्क मांडला. ज्याच्याकडे फक्त 'देव म्हणतो' एवढंच आहे आणि बिल दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याच्यापासून लांब राहावं. इथे मात्र बिल तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. थोडं इतर नन्सच्याही नावावर, हेही खरं. बंदीच्या काळात त्यांनाही ख्रिस्तप्रसाद नव्हता, आणि त्यांचं मत कुणी विचारल्याचं वाचनात आलं नाही. हा हिशोब पूर्ण सुटत नाही, आणि तो ओढूनताणून सोडवावा असं मला वाटत नाही.

जाता जाता, नंतर काय झालं तेही सांगतो. तिला संत ठरवण्याची प्रक्रिया पोप नववा ग्रेगरी याच्या काळात, १२२८ च्या आसपास सुरू झाली. कागद अपुरे म्हणून परत आले, पुन्हा गेले, आणि अडकले. शेवटी पोप सोळावा बेनेडिक्ट याने १० मे २०१२ रोजी तिला अधिकृतपणे संत मानलं आणि ७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'डॉक्टर ऑफ द चर्च' ही पदवी दिली. तोवर ही पदवी मिळालेली ती चौथीच स्त्री. पौने आठशे वर्षं ओपन असलेलं तिकीट क्लोज झालेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही :)

आणि बॅकअपवाल्यांसाठी एक गोष्ट. तिचं बहुतेक लेखन एकत्र असलेली पंधरा किलो वजनाची 'रीझेनकोडेक्स' ही पोथी आणि 'स्कीवियास'ची सचित्र पोथी, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात सुरक्षित राहाव्यात म्हणून ड्रेस्डेनच्या बँकेच्या तिजोरीत ठेवल्या होत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन बेचिराख झालं, तरी तिजोरी टिकली. नंतरच्या गोंधळात सचित्र पोथी गायब झाली ती आजवर सापडलेली नाही. मोठी पोथी १९४८ मध्ये परत आली, ती आज वीसबाडेनला आहे. पण आयबिंगेनच्या नन्सनी १९२७ ते १९३३ अशी सहा वर्षं बसून सचित्र पोथीची हाताने रंगवलेली हुबेहूब नक्कल केली होती. आज आपण हिल्डेगार्डची म्हणून जी रंगीत चित्रं बघतो ती या नकलेतली. त्या नन्सना काय माहीत की मूळ प्रत जाणार आहे!

रुपर्ट्सबर्गचा मठ मात्र राहिला नाही. १६३२ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश सैन्याने तो जाळला. उरलेसुरले अवशेष एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावून उडवले. त्यामुळे ते थडगं आता खरोखरच कुणाला सापडणार नाही. ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं त्या माणसाचं नावसुद्धा हिल्डेगार्डच्या पत्रात नाही. तिने ते लिहायची गरज समजली नाही. तो तिच्या अंगणात पुरलेला होता, तेवढं तिला पुरेसं होतं.

गाणी नेटवर सहज मिळतात. हेडफोन लावून ऐका, आणि कशी वाटली ते जरूर सांगा.